व्हॅलिडेटर रोज थोडा थोडा चुकतोय: ठाणे-नवी मुंबईतल्या घरगुती इथेरियम नोडची तपासणी, फुकटापासून महागापर्यंत

रास्पबेरी पाय ५ किंवा एन१०० चिपचा मिनी पीसी टीव्हीच्या कपाटात ठेवून त्यावर इथेरियमचा व्हॅलिडेटर, म्हणजे इथर हे चलन तारण ठेवून त्या साखळीतल्या ब्लॉकवर मत देणारा प्रोग्राम, चालवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: नोड (तो संगणक) चालू आहे, दिवा लुकलुकतोय, तरी अटेस्टेशन, म्हणजे ही मतं, मिस होतात. रोज नाही झाली तर आठवड्याआड. मग 'चिप कमी पडते' असं ठरवून माणूस नवं मशीन बघायला लागतो. चिप कमी पडण्याची प्रकरणं आहेत, त्यांच्याकडे शेवटी येऊ. पण दुरुस्तीला येणाऱ्या नोडमध्ये दोष बहुतेक वेळा सापडतो तो घड्याळ, वायफाय, उष्णता, अडॅप्टर आणि एसएसडी या पाचांत, आणि पहिल्या तिघांचा इलाज जवळजवळ फुकट आहे.

आधी किती चुकणं म्हणजे चुकणं, ते बघू. एक स्लॉट १२ सेकंदांचा, ३२ स्लॉटचा एक इपॉक, म्हणजे ६.४ मिनिटं. प्रत्येक इपॉकमध्ये व्हॅलिडेटरला एक मत द्यायचं असतं, म्हणून दिवसाला २२५ मतं. त्यातली दोन-तीन हुकली तर काहीही करू नका. चार-पाच रोजच हुकत असतील, किंवा एकाच वेळेला सलग हुकत असतील, तर पुढे वाचा. घाबरण्यासारखं मात्र काही नाही. सध्याचा एकूण स्टेक (सगळ्या व्हॅलिडेटरांनी मिळून ठेवलेलं तारण) साडेतीन कोटी इथरच्या आसपास धरला तर ३२ इथरचा व्हॅलिडेटर अख्खा दिवस बंद राहिल्याचा दंड साधारण ०.००१५ इथर पडतो. घाईघाईत केलेली एक चूक याच्या कित्येक पट महाग पडते. ती कोणती, ते मशीन बदलण्याच्या भागात येईल.

लक्षणं

एक्सप्लोररवर (साखळीतल्या नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर) गेल्या सात दिवसांची मिस झालेली अटेस्टेशनं काढा आणि वेळा कागदावर लिहा. एक्सप्लोरर यूटीसी वेळ दाखवत असेल तर साडेपाच तास मिळवायला विसरू नका. इतकं केलं की अर्धं निदान हातात येतं.

- दुपारी बारा ते पाच, आणि एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये जास्त: उष्णता.
- रात्री आठ ते अकरा: इंटरनेट, म्हणजे घरातलं वायफाय किंवा केबलवाल्याची लाइन.
- लाइट जाऊन आल्यावर तासभर: घड्याळ, राउटर उशिरा उठणं, किंवा डेटाबेस नीट बंद न होणं.
- सोमवारी मध्यरात्रीनंतरच्या तास-दोन तासांत: लिनक्समधला साप्ताहिक ट्रिम (रिकामी झालेली जागा एसएसडीला कळवण्याचं काम). मशीन यूटीसीवर असेल तर हाच प्रकार पहाटे साडेपाचनंतर दिसतो. चांगल्या एसएसडीला ट्रिम जाणवत नाही, स्वस्त एसएसडी मात्र मिनिटभर गप्प बसते.
- दर काही दिवसांनी, रीस्टार्ट केल्यावर बरं वाटतं: मेमरी.
- एका ठरावीक तारखेपासून सगळंच बंद: हार्ड फोर्क (साखळीच्या नियमांतला बदल) आला आणि क्लायंट (नोडवरचं इथेरियमचं सॉफ्टवेअर) अपडेट झाला नाही.
- वेळेचा मेळच लागत नाही: अडॅप्टर किंवा एसएसडी.

मत कसं हुकलं, हेही बघा. प्रत्येक अटेस्टेशन हे एक मत, पण त्यात तीन पोटमतं असतात आणि तिघांच्या मुदती वेगळ्या. हेडचं मत (ताजा ब्लॉक कोणता) पुढच्याच स्लॉटमध्ये नोंदलं गेलं तरच मोबदला मिळतो. सोर्सला (आधीच मान्य झालेला टप्पा) पाच स्लॉट, म्हणजे एक मिनिट मिळतं. टार्गेटला (चालू इपॉकचा टप्पा) त्याहून बराच वेळ असतो. मार्च २०२४ च्या डेंकन अपग्रेडनंतर तर पुढचा इपॉक संपेपर्यंत. म्हणून नुसतं हेड चुकत असेल तर तुमचा नोड काही सेकंद मागे पडतोय: नेट संथ, डिस्क संथ किंवा घड्याळ सरकलेलं. सोर्सही जात असेल तर नोड मिनिटभर किंवा जास्त गप्प होतोय: रीबूट, अडकणं, नेट तुटणं. अटेस्टेशन पूर्णच गायब असेल तर नोड बंदच होता.

हेड चुकण्याला दंड नसतो, फक्त तेवढा मोबदला बुडतो. शिवाय काही प्रस्तावक (त्या स्लॉटचा ब्लॉक मांडणारे व्हॅलिडेटर) मुद्दाम ब्लॉक उशिरा सोडतात, त्यात तुमचा दोष नसतो. त्याच स्लॉटमध्ये इतरांचीही हेड मतं मोठ्या संख्येनं चुकली असतील तर ती नोंद यादीतून काढून टाका.

पहिलं: घड्याळ

दोन मिनिटांचं काम, म्हणून पहिलं. व्हॅलिडेटरनं स्लॉट सुरू झाल्यावर चार सेकंदांच्या आत मत द्यायचं असतं, आणि इतर नोड अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक खपवून घेत नाहीत. घड्याळ ४०० मिलिसेकंद सरकलं तरी बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि हेड मतं मात्र गळत राहतात.

क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) बसवलेलं असेल तर 'क्रोनीसी ट्रॅकिंग' चालवा. फरक दहा-वीस मिलिसेकंदांच्या आत हवा. शंभरच्या वर असेल तर आधी हेच दुरुस्त करा, बाकी काही तपासू नका. क्रोनी नसेल तर बसवा. उबंटूतली साधी टाइमसिंक सेवा एका वेळी एकाच सर्व्हरला विचारते, क्रोनी चार-पाच ठिकाणी विचारून बिनकामाचा सर्व्हर बाजूला काढतं. सर्व्हर भारतातले घ्या.

रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाहीच. पाय ५ मध्ये आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. ती नसेल तर लाइट गेल्यावर पाय जुन्याच वेळेवर उठतो आणि नेट येईपर्यंत तसाच राहतो. बॅटरी घेताना रिचार्ज होणारी घ्या आणि सेटिंगमध्ये चार्जिंग चालू करा. ते मुळात बंद असतं. साधा नाण्याएवढा सीआर सेल लावून चार्जिंग चालू केलं तर सेल फुगतो. मिनी पीसीत मदरबोर्डवर सीआर२०३२ असतो, तो दर रीबूटला तारीख विसरत असेल तर बदला.

दुसरं: आवृत्ती, जागा आणि दोन क्लायंटचं आपसातलं बोलणं

शापेला १२ एप्रिल २०२३, डेंकन १३ मार्च २०२४, पेक्ट्रा ७ मे २०२५, फुसाका ३ डिसेंबर २०२५: या प्रत्येक हार्ड फोर्कच्या (यूटीसी) तारखेला जुन्या आवृत्तीवरचे नोड साखळीपासून तुटले. पेक्ट्रा आपल्याकडे दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी लागू झालं, फुसाका ४ डिसेंबरच्या पहाटे. एक्झिक्युशन (व्यवहार चालवणारा) आणि कन्सेन्सस (साखळीवरचं एकमत सांभाळणारा), दोन्ही क्लायंट अपडेट करायचे असतात. एकच केला आणि दुसरा राहिला, हे फार सर्रास घडतं.

दोघं ८५५१ पोर्टवरून एकमेकांशी बोलतात आणि ओळख पटवायला जेडब्ल्यूटी नावाची एक गुप्त फाइल वापरतात. कन्सेन्ससच्या लॉगमध्ये 'एक्झिक्युशन क्लायंट ऑफलाइन' किंवा 'ऑप्टिमिस्टिक' असं येत असेल तर दोन्ही सेवा त्याच फाइलकडे बघताहेत ना, आणि फाइल वाचायची परवानगी दोघांना आहे ना, ते तपासा. ऑप्टिमिस्टिक अवस्थेत नोड साखळीच्या डोक्यावर आहे असं दिसतं, पण मत देत नाही.

डिस्कवरची जागा 'डीएफ' नं बघा. दहा टक्क्यांहून कमी उरली असेल तर एसएसडी संथ होतेच. मर्जपूर्वीचा, म्हणजे १५ सप्टेंबर २०२२ च्या आधीचा इतिहास टाकून द्यायची सोय आता मुख्य क्लायंटमध्ये आहे आणि त्यातून तीनशे ते पाचशे जीबी मोकळी होते. व्हॅलिडेटरला त्या इतिहासाची गरज नाही. २ टीबीची डिस्क भरत आली म्हणून ४ टीबी घ्यायच्या आधी हे करा.

तिसरं: वायफाय काढा, केबल लावा

वायफायवर व्हॅलिडेटर चालवू नका. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या एखाद्या टॉवरमध्ये मोबाइलवर दिसणारी वायफायची यादी मोजा, कारण कळेल. प्रत्येक फ्लॅटचा राउटर त्याच चॅनलवर ओरडत असतो आणि संध्याकाळी सगळे घरी असतात. स्पीड टेस्ट २०० एमबीपीएस दाखवेल, पण व्हॅलिडेटरला वेगापेक्षा अखंडता हवी असते. दोन सेकंदांचं अडखळणं स्पीड टेस्टमध्ये दिसत नाही, हेड मतात दिसतं. कॅट ६ केबल काही शे रुपयांत मिळते. राउटर हॉलमध्ये आणि नोड बेडरूममध्ये असेल तर नोड हॉलमध्ये न्या, भिंत फोडत बसू नका.

केबलनंतरही रात्रीचा त्रास उरला तर राउटरकडे वळा. केबलवाल्यानं दिलेल्या फुकटच्या राउटरला एका वेळी किती जोडण्या लक्षात ठेवायच्या याची मर्यादा असते. दोन क्लायंट मिळून शंभर-दोनशे पीअर (जोडलेले इतर नोड) आणि त्यांच्या शोधासाठी शेकडो यूडीपी जोडण्या धरतात. ते टेबल भरलं की नोडसकट घरातल्या सगळ्यांचं नेट अडकतं आणि राउटर बंद-चालू केला की तासाभरासाठी बरं होतं. तुमच्याकडे नेमकं असंच होत असेल तर एक्झिक्युशन क्लायंटचे कमाल पीअर २५ आणि कन्सेन्ससचे ५० ते ६० करा. त्याखाली जाऊ नका, मग मत पोचायलाच उशीर होतो.

पोर्ट ३०३०३ आणि ९०००, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, राउटरमध्ये उघडे करा. प्रिझम हा कन्सेन्सस क्लायंट वापरत असाल तर ९००० ऐवजी १३००० टीसीपी आणि १२००० यूडीपी. उघडे करूनही बाहेरून एकही पीअर येत नसेल तर तुमची लाइन सीजीनॅटवर आहे, म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं. केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी घेणं हा त्याचा उपाय, पण फक्त मत द्यायला तो सक्तीचा नाही. पुरेसे पीअर टिकत असतील तर तो खर्च सोडून द्या.

मुंबईहून युरोपात जाऊन परत यायला पाकिटाला साधारण सव्वाशे मिलिसेकंद लागतात, आणि बरेच नोड युरोप-अमेरिकेत आहेत. हे अंतर कोणी कमी करू शकत नाही. म्हणून हेड मतांत आपण जर्मनीतल्या नोडपेक्षा किंचित मागे राहणारच. त्यावर पैसे घालवू नका.

'अनलिमिटेड' प्लॅनमध्येही महिन्याची मर्यादा असते, बऱ्याच प्लॅनमध्ये ३.३ टीबी. नोड आणि घरातल्यांचं ओटीटी मिळून ती गाठली जाऊ शकते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच त्रास होत असेल तर बाकी तपासण्यांच्या आधी ॲपवर वापर बघा.

चौथं: उष्णता

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांना थंडगार हवा मिळते, तुमचा दहा-पंधरा वॅटचा डबा मात्र मे महिन्यातल्या दुपारी ३५ अंशांच्या खोलीत, बहुधा बंद कपाटात, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर बसलेला असतो. पाय ५ चा प्रोसेसर ८० अंशांना स्वतःचा वेग कमी करायला लागतो, ८५ ला कडक लगाम लावतो. तो बंद पडत नाही, फक्त हळू होतो, म्हणून लक्षात येत नाही.

तापमान दुपारी तीनला बघा, रात्री नाही. पायवर 'व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प', मिनी पीसीवर 'सेन्सर्स'. पायवर आणखी एक आज्ञा फार कामाची आहे: 'गेट_थ्रॉटल्ड'. उत्तर शून्य-एक्स-शून्य आलं तर सगळं ठीक. शून्य-एक्स-५०००० म्हणजे बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं आणि वेगही कापला गेला. शून्य-एक्स-५०००५ म्हणजे हे दोन्ही या क्षणी चालू आहे. नुसती उष्णता असेल तर आकडा ८ च्या घरात जातो.

एनव्हीएमई एसएसडीचं तापमान वेगळं बघा. प्रोसेसर ६० वर आणि एसएसडी ७८ वर, असं सर्रास दिसतं, कारण पंखा प्रोसेसरवर असतो आणि एसएसडी खाली, लाकडाला चिकटून. 'स्मार्टसीटीएल' या डिस्क तपासण्याच्या आज्ञेत तापमान इशाऱ्याच्या पातळीवर किती मिनिटं गेलं याची नोंद असते. ती शून्य नसेल तर एसएसडीला ॲल्युमिनियमचा हीटसिंक लावा.

उपाय याच क्रमानं करा. कपाटातून बाहेर काढा आणि चारही बाजूंनी दहा सेंटीमीटर जागा सोडा. फ्रिजवर ठेवू नका, फ्रिजची मागची गरम हवा वरच येते. खिडकीच्या ग्रिलमध्येही नको. पावसाचे तुषार आणि खाडीकडची खारट हवा कनेक्टरवर हिरवट थर आणते, वाशी-कोपरखैरणेच्या खाडीकडच्या इमारतींत हे हमखास. पायला अधिकृत ॲक्टिव्ह कूलर लावा. मिनी पीसीचा पंखा दर तीन महिन्यांनी मऊ ब्रशनं साफ करा. रस्त्याचं किंवा इमारतीचं काम चालू आहे तिथे दर महिन्याला. दोन वर्षं झालेल्या मिनी पीसीची थर्मल पेस्ट वाळलेली असते, ती बदलली की फरक जाणवतो. एवढ्यावर भागलं नाही तर बायॉसमध्ये सततची वीजमर्यादा कमी करून बघा: एन१०० ला २० वॅटवर तापून गचके खाण्यापेक्षा १२ वॅटवर एकसारखं चालणं बरं.

खर्चाचंही बोलायचं तर १५ वॅट सतत म्हणजे महिन्याला ११ युनिटांच्या आत. युनिटला १२ रुपये धरले तरी १३० रुपये. त्यासाठी एसी लावायची वेळ आली तर ती जागा चुकली आहे.

पाचवं: अडॅप्टर आणि लाइट

पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. लॅपटॉपचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावून 'एवढी पॉवर दिली आहे' असं समजणारे बरेच आहेत. तो चार्जर ६५ वॅट देतो ते २० व्होल्टवर. ५ व्होल्टवर बहुतेक चार्जर ३ अँपिअरच देतात. मग पाय यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर सोडतो, यूएसबीवरची एसएसडी लिहिता लिहिता गळते आणि लॉगमध्ये यूएसबी 'रीसेट' च्या ओळी दिसतात. २७ वॅटचा अधिकृत अडॅप्टर घ्या. त्याला वायर जोडलेलीच येते, त्यामुळे कच्च्या केबलचा प्रश्नही सुटतो.

स्टॅबिलायझर घेऊ नका. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे व्होल्टेज थोडं पडलं तरी त्याला फरक पडत नाही. त्रास असतो तो लाइट क्षणभर जाण्याचा. घरात इन्व्हर्टर असेल तर मागचं किंवा पुढचं बटण बघा: बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको अशा दोन स्थिती असतात. नॉर्मलवर बदल व्हायला जास्त वेळ लागतो. पंखा-ट्यूबला चालतं, पण नोड तेवढ्यात रीबूट होतो. ते यूपीएसवर टाका. हा दोष बटण दाबून जातो, तरी लोक नवीन यूपीएस घेऊन येतात.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळतो तसा १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिनी पीसीलाही चालतो, मात्र मिनी पीसीच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. १९ व्होल्टच्या मशीनला १२ व्होल्टचा लावू नका. ओएनटी (फायबर जिथे जोडली जाते तो डबा), राउटर आणि नोड या तिघांनाही बॅकअप हवा. आणि एक प्रश्न केबलवाल्याला विचारा: फायबर थेट घरात येते, की गच्चीवरच्या किंवा मीटर रूममधल्या स्विचवरून लॅन केबल येते? स्विच असेल तर इमारतीची लाइट गेली की तो मरतो, आणि तुमचा घरातला यूपीएस नुसता दिवे लावून बसतो.

लाइट आल्यावर नोड चाळीस सेकंदांत उठतो, ओएनटीला दोन-तीन मिनिटं लागतात. नेट नाही म्हणून क्लायंट पडतो, सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा चालू-बंद करणारा भाग) त्याला पुन्हा उठवतं, आणि दहा सेकंदांत पाच वेळा पडला की सिस्टमडी हात वर करतं. तुम्ही ऑफिसातून येईपर्यंत सेवा 'फेल्ड' दिसते. सेवेच्या फाइलीत रीस्टार्ट 'ऑलवेज' आणि दोन प्रयत्नांतलं अंतर ३० सेकंद करा. मिनी पीसीच्या बायॉसमध्ये 'लाइट आल्यावर चालू हो' ही सोय बहुधा बंद असते, तीही चालू करा.

बंद करतानाही वेळ द्यायला हवा. गेथ हा एक्झिक्युशन क्लायंट मेमरीतली स्थिती डिस्कवर उतरवायला काही मिनिटं घेऊ शकतो. सिस्टमडी ९० सेकंदांनी आणि डॉकर तर १० सेकंदांनी त्याचा गळा आवळतं. पुढच्या वेळी लॉगमध्ये 'अनक्लीन शटडाउन' येतं, तो मागच्या एखाद्या स्थितीवर जाऊन सगळे ब्लॉक पुन्हा चालवतो, आणि तासभर अटेस्टेशन जातात. थांबण्याची मुदत ३०० सेकंद करा.

डॉपेलगँगर संरक्षण (हाच व्हॅलिडेटर दुसरीकडे चालू नाही ना, हे तपासणारी सोय) चालू असेल तर प्रत्येक रीस्टार्टनंतर व्हॅलिडेटर दोन-तीन इपॉक मुद्दाम गप्प बसून ऐकतो. ती मिस झालेली मतं दोषात धरू नका आणि त्यांच्यापायी ते संरक्षण काढूही नका.

सहावं: मेमरी आणि एसएसडी

'डीमेसेज' मध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तर कर्नलनं क्लायंट मारला आहे. ८ जीबीवर कन्सेन्सससाठी निंबस घ्या, तो मुळात छोट्या यंत्रांचा विचार करून लिहिलेला आहे. एक्झिक्युशनची कॅश कमी करा, झेडरॅम (मेमरीतला डेटा दाबून ठेवणारी लिनक्सची सोय) चालू करा. तरी पुन्हा दिसलं तर १६ जीबी लागणार.

एसएसडीवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. आधी ठरवा की ब्लॉक उशिरा येतोय की येऊन उशिरा प्रक्रिया होतेय. लाइटहाउस हा कन्सेन्सस क्लायंट उशिराच्या ब्लॉकची लॉगमध्ये फोड करून देतो: ब्लॉक कधी दिसला आणि पडताळणीला किती लागला. दिसायलाच तीन-चार सेकंद लागत असतील तर नेट किंवा प्रस्तावकाचा उशीर. नवीन एसएसडीनं काही होणार नाही. दीड सेकंदात दिसला आणि पडताळणीला तीन सेकंद गेले, तर डिस्क किंवा प्रोसेसर. गेथच्या लॉगमध्येही प्रत्येक ब्लॉकसमोर लागलेला वेळ असतो. तो सतत दोन सेकंदांच्या वर असेल तर पुढे चला.

क्लायंट थांबवून 'एफआयओ' या डिस्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामनं ४ केबीची रँडम चाचणी घ्या, ७५ टक्के वाचन आणि २५ टक्के लेखन. वाचन सेकंदाला १५,००० वेळा आणि लेखन ५,००० वेळांच्या वर हवं. दोन गोष्टी सांभाळा. फाइल ४ जीबीऐवजी ५० जीबीची घ्या, नाहीतर चाचणी एसएसडीच्या वेगवान कॅशमध्येच उरकते. आणि डिस्क भरलेली आहे तशाच अवस्थेत चाचणी घ्या. रिकामी करून घेतलेला आकडा फसवतो. क्यूएलसी प्रकारच्या (स्वस्त, दाट साठवणीच्या) किंवा डीरॅम (स्वतःची वेगवान मेमरी) नसलेल्या डिस्क पहिलं मिनिट छान पळतात आणि मग धापा टाकतात. नवीन घेताना टीएलसी, डीरॅमसह, २ टीबी किंवा जास्त, एवढंच बघा. डब्यावरचा सेकंदाला ७,००० एमबीचा आकडा आपल्या कामाचा नाही. पाय ५ ची पीसीआयई लेन तेवढं देऊही शकत नाही.

'स्मार्टसीटीएल' मध्ये 'मीडिया एरर' शून्याहून जास्त असेल तर आकडे बघत बसू नका, डिस्क बदला. यूएसबी डब्यातली एसएसडी असेल तर आधी डबा बदलून बघा; त्यातल्या काही ब्रिज चिप (यूएसबीला एसएसडीशी जोडणाऱ्या) पायशी नीट बोलत नाहीत आणि ट्रिमही पुढे पाठवत नाहीत.

सातवं: मशीन खरंच कमी पडतंय का

वरचं सगळं ठीक असेल आणि तरी पडताळणी उशिरा होत असेल, तर हो. एका ब्लॉकची गॅस मर्यादा (त्यात किती काम मावतं, ते) फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ कोटींवरून ३.६ कोटी झाली, जुलैत ४.५ कोटी, नोव्हेंबरमध्ये ६ कोटी. म्हणजे २०२३ साली आरामात चालणाऱ्या त्याच यंत्रावर आता दुप्पट ओझं आहे, चार सेकंदांची मुदत मात्र तीच. ८ जीबीच्या पाय ५ वर मेननेटचा (खऱ्या इथरच्या साखळीचा) व्हॅलिडेटर आता ठेवू नये, हे आमचं मत. त्याला होल्स्कीनंतर आलेल्या हुडी या टेस्टनेटवर (सरावाच्या साखळीवर) ठेवा, शिकायला उत्तम आहे. मेननेटसाठी १६ जीबीचा एन१०० हा तळ समजा, ३२ जीबी आणि जरा दमदार प्रोसेसर असेल तर पुढची दोन-तीन वर्षं निवांत. वीज मग २५-३० वॅट लागेल, तरीही एका पंख्याहून कमी.

मशीन बदलताना घाई करू नका. व्हॅलिडेटरची 'की' (मतांवर सही करणारी गुप्त किल्ली) एकाच वेळी दोन ठिकाणी चालू झाली तर स्लॅशिंग, म्हणजे तारणातून कापून घेण्याची शिक्षा, होतं. पेक्ट्रानंतर सुरुवातीचा दंड ३२ इथरच्या ४०९६ व्या भागाइतका छोटा झाला आहे, पण व्हॅलिडेटर सक्तीनं बाहेर काढला जातो, ८,१९२ इपॉक म्हणजे सुमारे ३६ दिवस मतं न दिल्याचा दंड चालू राहतो, आणि त्याच सुमारास इतरही बरेच स्लॅश झाले असतील तर दंड वाढतो. म्हणून हाच क्रम:

जुन्या मशीनवर व्हॅलिडेटरची सेवा थांबवा आणि 'डिसेबल' करा, नाहीतर लाइट आल्यावर ती आपोआप उठेल. स्लॅशिंग-संरक्षणाची जेसन फाइल (आधी दिलेल्या मतांची नोंद) निर्यात करा. जुन्या मशीनवरून की पुसून टाका, नुसतं थांबवून भागत नाही. नव्या मशीनवर दोन्ही क्लायंट पूर्ण सिंक झाल्यावरच की आणि ती फाइल आयात करा. एक्सप्लोररवर किमान दोन अटेस्टेशन मिस झालेली डोळ्यांनी बघा. मगच व्हॅलिडेटर चालू करा. जुना डबा ओएलएक्सवर विकायचा असेल तर डिस्क पुसूनच.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

मेटलच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, किंवा मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये पाच व्होल्टहून जास्त दिसत असतील, तर नोड बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. अर्थिंगची वायर स्वतः नळाला बांधू नका.

घरातले काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद होत असतील तर इमारतीचा न्यूट्रल सैल आहे. मेन स्विच बंद करा, सोसायटीच्या वायरमनला आणि महावितरणच्या १९१२ ला लगेच कळवा. यात नोडच काय, फ्रिजही जळतो.

डीसी यूपीएस किंवा इन्व्हर्टरची बॅटरी फुगलेली, गरम किंवा वास मारणारी असेल तर उघडू नका, टोचू नका, ती विकणाऱ्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

केबलनं थेट ओएनटीला जोडूनही रात्री पिंगची पाकिटं हरवत असतील तर दोष तुमच्याकडे नाही. तीन रात्रींच्या पिंगची नोंद वेळेसकट केबलवाल्याच्या इंजिनिअरला द्या आणि ओएनटीवरची प्रकाशाची पातळी मोजायला सांगा. उणे २७ डीबीएमच्या खाली असेल तर स्प्लायसिंग (फायबरचा जोड) त्यालाच करावं लागेल.

एसएसडी मेली तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे जाऊ नका. साखळीचा डेटा एक-दोन दिवसांत पुन्हा सिंक होतो आणि 'की' त्या बनवताना लिहून ठेवलेल्या २४ गुप्त शब्दांवरून परत काढता येतात. संरक्षणाची फाइल त्याच डिस्कवर गेली असेल तर नव्या मशीनवर डॉपेलगँगर चालू ठेवून, दोन-तीन इपॉक जाऊ देऊनच सुरुवात करा. ते २४ शब्द मात्र कोणत्याही दुरुस्तीवाल्याला, टेलिग्रामवरच्या 'सपोर्ट' ला किंवा रिमोट स्क्रीनवर बसलेल्या माणसाला द्यायचे नाहीत. वर लिहिलेल्या कोणत्याही दुरुस्तीला, पैसे घेऊन करणाऱ्यालाही, ते लागत नाहीत.